बारसं बाराव्याच दिवशी

माझ्या नातीच्या बारशाला काय घडलं ते मीच सांगते. आमच्या विहीणबाई सांगतात तेव्हा त्यात त्या फार शहाण्या असतात.

मी सिन्नरची. शाळा चौथीपर्यंत. पुढे पाठवली असती तर मास्तरांनीच शाळा सोडली असती, असं माझे वडील म्हणायचे. सून बाळंत होणार म्हणून मी आणि आमचे हे दोघं दोहाला आलो. ह्यांना पोरं नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणते. मुलगा मयूर वेस्ट बेमध्ये काचेच्या इमारतीत इंजिनिअर आहे. राहतो फरीज बिन ओमरानला, तिसऱ्या मजल्यावर. घरात सगळं आहे. एसी आहे, भांडी धुवायचं यंत्र आहे, बोललं की लागणारा दिवा आहे. वरवंटा नाही.

आता बारशाला वरवंटा लागतो. आधी त्याला टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, मग बाळाला. मिक्सरला काही टोपडं बसत नाही. म्हणून मी वरवंटा मोठ्या बॅगेत, साड्यांच्या मधे घालून आणला. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी बॅग उघडायला लावली.

"ये क्या है?" 

"पत्थर."

"किसलिए?"

"नाम रखने के लिए."

त्या पोराने साहेबाला बोलावलं. साहेब मराठी निघाला. त्याने वरवंट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे रे, बारसं आहे."

बघा, एका शब्दात काम झालं. शब्दाला वजन असतं ते असं.

पोरगी शुक्रवारी पहाटे तीनला झाली. सुखरूप. माझी लेक ईशाही अशीच अवेळी झालेली, रात्री अडीचला, वीज गेलेली असताना. मुली येताना कुणाची झोप बघत नाहीत. बाळाच्या मनगटाला दवाखान्याने पट्टी बांधली होती. तिच्यावर इंग्रजीत 'मधुराची मुलगी' असं लिहिलंय, असं मयूरने सांगितलं. मधुरा म्हणजे माझी सून. खाली तारीख होती. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. मी तारीख वाचली, घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या शुक्रवारपासून बोट ठेवत बारा घरं मोजली आणि बाराव्या घरात कुंकवाचा ठिपका दिला. मंगळवार.

दुसऱ्या दिवशी मयूरने फोनवर लोकांना आमंत्रण पाठवायला घेतलं. फुगे, फुलं आणि खाली इंग्रजी.

"काय लिहिलंयस?" 

"नेमिंग सेरेमनी. शुक्रवारी संध्याकाळी. सगळ्यांना सुट्टी असते ना, आई."

"शुक्रवारी कितवा दिवस?"

त्याने मोजलं. "पंधरावा."

"मग पंधरासं लिही."

"आई, दोन-तीन दिवसांनी काय फरक पडतो? शेवटी नावच ठेवायचंय. एक शब्द तर आहे."

"तुझा पगार एक तारखेऐवजी चारला झाला तर फोन करून विचारतोस ना? बारसं म्हणजे बाराव्या दिवसाचं. त्या शब्दातून बारा काढून घेतलेस तर राहिलं काय? नुसतं 'सं'."

इथे आमच्या विहीणबाई मधे पडल्या. मीनाताई म्हणजे मधुराची आई, पुण्याच्या, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या अजूनही बोलताना हातात खडू असल्यासारखी दोन बोटं उचलतात.

"व्युत्पत्तीच्या दृष्टीने विहीणबाईंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "संस्कृत द्वादश, त्यावरून बारा, त्यावरून बारसं. अर्थात मूळ संस्काराला नामकरण म्हणतात आणि ते सोयीने पुढेमागे चालतं. मधुराचं आम्ही महिन्याने केलं होतं."

"ते दिसतंच," मी म्हटलं.

मधुरा बाळाला पाजत होती. तिने मान खाली घातली आणि खांदे हलवून हसली. सून चांगली आहे.

"आणि ते व्युत्पत्ती म्हणजे काय?" मी विचारलं. सकाळपासून तो शब्द त्यांनी चारदा तोंडात घोळवला होता, खडीसाखरेसारखा.

"शब्द कुठून आला, त्याचं मूळ काय, ते."

"असं होय. शब्दाचं माहेर."

मीनाताईंची दोन बोटं खाली आली. मग म्हणाल्या, "हे मला तीस वर्षांत सुचलं नाही." त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, म्हणून मी त्यांना चहा दिला.

मंगळवार ठरला. मयूरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, चाळीस माणसांना नवीन आमंत्रण पाठवलं, त्यात 'बारसं' हा शब्द मी देवनागरीत लिहायला लावला. मी विजयी होते. तेवढ्यात मीनाताईंनी कप खाली ठेवला आणि दोन बोटं उचलली.

"पण विहीणबाई, बारसं शब्दाला धरून करायचं तर रीतीलाही धरून करायला हवं. नाव बाळाच्या कानात आत्या सांगते. आत्या कोण?"

आत्या म्हणजे माझी थोरली, ईशा. ती अल नस्रला राहते. गाडीने दहा मिनिटं. तिच्याशी मी सव्वादोन वर्षं बोलले नव्हते.

झालं होतं असं. ईशाचं बाळंतपण इथे दोहालाच झालं. माझी बॅग सिन्नरला भरून तयार होती, व्हिसा यायचा होता. दुसऱ्याच दिवशी फोनवर फोटो आला. बाळ, वजन, आणि इंग्रजीत नाव. कैवल्य. नाव दिलंसुद्धा! ना पाळणा, ना घुगऱ्या, ना कुणाला विचारणं. मी फोन केला आणि म्हटलं, "खोक्यावर पत्ता चिकटवतात तसं पोराला नाव चिकटवलंस."

ती म्हणाली, "आई, इथे कागदपत्रांना नाव लागतं. बारसं तू आलीस की करू."

आता इथेच मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. मी म्हटलं, "कर तेव्हा कर. बारसं झालं की कळव मला नातू झाला म्हणून. तोवर मला नातू नाही."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, उद्या करेल. तिला वाटलं असेल, आई करेल. आम्ही दोघी एकाच मातीच्या. व्हिसा आला आणि सहा महिन्यांनी वायाही गेला. नाना तिच्याशी बोलायचे, बाल्कनीत जाऊन. मी विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. पण फोन आतल्या खिशात ठेवताना त्यांचा चेहरा बघून मला कळायचं, पोरगा आता बसतो, आता चालतो.

"ईशाला मी फोन करतो," मयूर म्हणाला.

"खबरदार," मी म्हटलं. "आत्याचा मान आहे हा. मानाचं आमंत्रण मोठ्यांनी द्यायचं असतं."

"मग तू दे."

"मी दुसरी आत्या बघते."

हे म्हटल्यावर नाना पेपर घेऊन उठले आणि बाल्कनीत गेले. बाहेर बेचाळीस डिग्री होतं.

दुसरी आत्या बघणं वाटतं तितकं सोपं नाही. मयूरची चुलतबहीण बदलापूरला. ती म्हणाली व्हिडिओ कॉलवर कुर्र करीन, पण तिने करून दाखवलं तेव्हा फोन अडकला आणि ती तोंड उघडं ठेवून पाच मिनिटं तशीच राहिली. मयूरच्या ऑफिसातली एक मुलगी यायला तयार होती, पण तिला मयूरला दादा म्हणवेना, ती त्याला सर म्हणायची. सरांची बहीण कशी चालेल?

शेवटी समोरच्या घरातली सितारा आली. हैदराबादची, तोंडात कायम वेलदोडा, आणि मला अम्मा म्हणते. तिला मी सगळं समजावलं, बारसं म्हणजे बारा दिन, आत्या म्हणजे बाप की बहन.

"फूफी!" ती म्हणाली. "अरे अम्मा, मैं बन जाती हूँ फूफी. हमारे में सातवें दिन करते, आपके में बारहवें दिन. फूफी को साड़ी मिलती क्या?"

"मिलती."

"कौन सी?"

मी पैठणी दाखवली. मोरपंखी, लाल काठाची. ती मी सिन्नरहून आणली होती. सितारा हात लावून बघत राहिली आणि मग तिने हात मागे घेतला.

"अम्मा, एक बात बोलूँ? ये आपने यहाँ आने के पहले खरीदी ना? तब मैं आपको कहाँ मालूम थी?"

मी पैठणी घडी करून पिशवीत ठेवली.

"अल नस्र में आपकी बेटी है," ती म्हणाली. "पूरी बिल्डिंग को मालूम है."

"पूरी बिल्डिंग को काम नहीं," मी म्हटलं, आणि तिला आणखी एक वेलदोडा दिला.

रविवार गेला. फोन माझ्यासमोर टेबलावर होता. मी तो तीनदा उचलला. एकदा पुसायला, एकदा किती वाजले बघायला, आणि एकदा उगाच. मानाचं आमंत्रण असं मी म्हटलं होतं, त्यामुळे आता दुसऱ्या कुणाला करायला सांगताही येईना. माझ्याच जिभेने माझीच वाट अडवली. आत्याशिवाय बारसं होणार, आणि तेही मी एवढी बारा-बारा करून झाल्यावर, हे मला दिसत होतं. शेवटी सिताराच कुर्र करणार होती.

सोमवार उजाडला. मयूर ऑफिसला गेला. नाना घुगऱ्यांसाठी हरभरे आणायला गेले. मी मंगळवारची तयारी काढत होते, वरवंट्याला टोपड्याचं माप बघत होते. दहाच्या सुमारास बेल वाजली. दार मी उघडलं.

दारात ईशा. कडेवर एक गुबगुबीत पोरगा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून कुंची बाहेर आलेली. केसात गजरा. दोहात सोमवारी सकाळी गजरा कुठून आणला देव जाणे.

"आई, बारसं आहे ना आज?" ती म्हणाली.

"उद्या आहे," मी म्हटलं.

सव्वादोन वर्षांनी लेकीशी बोललेला पहिला शब्द. उद्या.

"आज आहे."

"मंगळवार ठरलाय. चाळीस माणसं येणार आहेत."

"माणसं किती पण येऊ दे. बारावा दिवस आज आहे. नानांनी मला सांगितलं, पहाटे तीनला झाली. सूर्य उगवला होता?"

"तीनला कसा उगवेल?"

"मग ती गुरुवारची झाली. शुक्रवार हॉस्पिटलचा. आपला दिवस उजाडल्यावर बदलतो. हे मला कुणी शिकवलं?" तिचा आवाज चढला. "शाळेच्या दाखल्यावर माझी सतरा तारीख, आणि तू दरवर्षी सोळालाच ओवाळायचीस. का, तर मी रात्री अडीचची. घरी वाढदिवस आदल्या दिवशी, वर्गात दुसऱ्या दिवशी. मी वर्गात शिळे पेढे वाटायचे, आई!"

मागून मीनाताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. गुरुवार एक, शुक्रवार दोन. मीही मनात मोजत होते.

"सोमवार बारा," मीनाताई म्हणाल्या. "बरोबर आहे मुलीचं. म्हणजे मंगळवार..."

त्या थांबल्या. शिक्षिका असून थांबल्या, यावरून समजा.

तेरावा. तेराव्यालाही गोड जेवण असतं, माणसं येतात, सगळं असतं. फक्त ते घरातलं माणूस गेल्यावर. मी चाळीस जणांना नातीच्या तेराव्याला बोलावलं होतं, आणि तेही देवनागरीत.

त्या पट्टीवरचे आकडे मला वाचता आले, त्यानेच घात केला. नसते आले तर मी आपोआप सूर्य बघितला असता.

चुकले असं म्हणायला माझ्या जिभेला वळण नाही. मी म्हटलं, "दारात काय उभी आहेस? चपला काढ, हातपाय धू. बाळंतिणीच्या घरात आलीस." 

ईशाने माझ्याकडे बघितलं. तिला माझी भाषा येते. तिने चपला काढल्या.

मग मी मयूरला फोन केला. "घरी ये. बारसं आत्ता आहे."

"आत्ता? आई, माझी मीटिंग आहे."

"आज नाही तर उद्या तेरावा. यल्ला, निघ लवकर."

अर्ध्या तासात आला. गळ्यात ऑफिसची पट्टी तशीच. नाना हरभरे घेऊन आले, ईशाला बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच हरभरे धुवायला लागले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. भिजवायला वेळ नव्हता. कुकरच्या अकरा शिट्ट्या केल्या तरी घुगऱ्या टणकच राहिल्या, आणि दुपारी नानांची कवळी त्यात अडकली.

पाळणा म्हणजे मयूरने मागवलेला चाकांचा पलंग, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. त्याच्या खालून वरवंटा फिरवायचा म्हणून मीनाताई फरशीवर आडव्या झाल्या. "विहीणबाई, टोपडं अडकलं," त्या खालून ओरडत होत्या. "वरवंट्याचं टोपडं अडकलं!" सितारा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. तिला मी आत बोलावलं. बायका जितक्या जास्त तितकं बरं, कारण पुढची रीत बायकांची आहे.

देवांची नावं घेत बाळ खालून-वरून फिरलं आणि पाळण्यात निजलं. मधुराने ईशाच्या कानात नाव सांगितलं. ईशा बाळाच्या कानाशी वाकली. आता रीत अशी, आत्या कानात कुर्र करते तेव्हा मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हलके. गमतीचे.

"कुर्रर्र," ईशा म्हणाली.

मीनाताईंनी घातला तो हलका. सितारानेही घाबरत घातला. मी घातला तो सव्वादोन वर्षांचा होता.

"आई गं!"

"कुणाची?" मी विचारलं. हात तिच्या पाठीवरच राहिला होता. मी तो काढला नाही.

"ईश्वरी," मधुराने मोठ्याने सांगितलं. नाव बरं आहे. मला विचारलं असतं तर मी दुसरं सांगितलं असतं, पण विचारलं नाही.

इतका वेळ ईशाचा पोरगा मयूरच्या पायाला धरून बघत होता. तो आला, पाळण्याच्या कडेला लटकला आणि म्हणाला, "नो बेबी. माय टर्न."

"काय म्हणतो?"

"त्याची पाळी आहे म्हणतो," ईशा म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "खरंच आहे. त्याचं झालेलंच नाही. बारसं झाल्यावर कळव म्हणाली होतीस. तूच नसताना करून कळवायचं कुणाला?"

मी नात उचलून मधुराच्या मांडीवर दिली. नातवाला उचललं. जड होता, आणि त्याच्या अंगाला बिस्किटांचा वास येत होता. पाळण्यात ठेवला तर गुडघ्यापासून पाय बाहेर. तो खूश झाला आणि लाथा झाडायला लागला.

"विहीणबाई," मीनाताई म्हणाल्या. त्यांना राहवतंय होय. "आज याचा कितवा दिवस?"

नानांनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "आठशे बाविसावा." विचार करायलाही लागला नाही त्यांना.

"मग व्युत्पत्तीच्या दृष्टीने याला बारसं म्हणता येणार नाही. आणि आत्याही नाही. वरुणरावांची बहीण पुण्याला असते."

वरुणराव म्हणजे आमचे जावई. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझंच माप माझ्याच पदरात घालत होती ती बाई, आणि शिकवत असावं तसं, गोड आवाजात.

"काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "तुम्हाला शब्दांची माहेरं माहीत. मी तोवर करून घेते. आणि आत्या नाही तर आजी. खलास."

मी वाकले. त्याचा कान केवढासा होता, ईशाच्या कानासारखाच, वरून जरा टोकदार. मला कुर्र म्हणायचं होतं, पण आधी दुसरंच तोंडातून आलं, ते मी त्याला सांगितलं, इथे लिहीत नाही. ते म्हणायला जिभेला वळण नाही असं मी वर लिहिलंय, ते तसंच राहू दे. मग कुर्र म्हटलं. मग त्याचं नाव सांगितलं. कैवल्य. कुणाला न विचारता ठेवलेलं, पण कानात म्हणायला चांगलं आहे.

"नो," तो म्हणाला. "गुदगुल्या."

आणि तेवढ्यात माझ्या पाठीत धपाटा बसला. मीनाताईंचा नाही, त्यांचा हात खडूचा आहे. सिताराचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी वळून बघितलं तर ईशा हात झटकत उभी.

"लागलं का, आई?" 

"तुझा हात लागायला हवा तेवढा लागला," मी म्हटलं. "पैठणी त्या पिशवीत आहे. घे."

मंगळवारी चाळीस माणसं आली. मी दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं, बारसं काल झालं, आज फक्त जेवण. ईशा पैठणी नेसून वाढत होती. ऑफिसातल्या त्या मुलीने मला विचारलं, "काकू, तुम्ही अशा वाकून का चालताय?"

"नातवाचं बारसं होतं," मी म्हटलं.

"नातीचं ना?"

मीनाताईंनी दोन बोटं उचलली. मी त्यांच्या हातात जिलबी दिली.